फाटकाआतला समाजवाद

अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या खालच्या द्वीपकल्पाच्या वायव्य टोकाशी, मिशिगन सरोवराच्या काठी, लिटल ट्रॅव्हर्स नावाचा एक छोटा उपसागर आहे. त्याच्या दक्षिणेला पेटॉस्की, उत्तरेला हार्बर स्प्रिंग्ज आणि पश्चिमेकडे काही मैलांवर शार्लव्हॉय अशी तीन लहान गावे आहेत. जून उजाडला की शिकागो, डेट्रॉइट, सेंट लुइस, सिनसिनाटी येथील सुखवस्तू कुटुंबे या गावांच्या कडेला असलेल्या आपापल्या खाजगी वसाहतींत येऊन दाखल होतात. पणजोबांनी बांधलेल्या लाकडी बंगल्याच्या ओसरीवर बसून पणतू सरोवराचा वारा खातात. सप्टेंबर सरला की दारे-खिडक्या बंद होतात, पाण्याचे नळ रिकामे केले जातात आणि पुढचे आठ महिने त्या घरांवर केवळ बर्फ साचत राहतो. हा क्रम सुमारे दीडशे वर्षे अव्याहत चालू आहे.

एखाद्या धनिकाने रम्य स्थळी बंगला बांधावा यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु येथील गोष्ट एकेकट्या धनिकाची नाही. या वसाहती म्हणजे संस्था आहेत. त्यांना सभासद आहेत, घटना आहे, नियम आहेत, आणि कायद्याने दिलेली सत्ताही आहे. सरोवर, किनारा आणि जंगल ही निसर्गाची देणगी काही थोड्यांनी सामुदायिक रीतीने कशी ताब्यात घेतली व पिढ्यान्‌पिढ्या कशी राखली, याचा इतका स्वच्छ नमुना क्वचितच आढळेल. म्हणूनच त्याच्याकडे जरा बारकाईने पाहणे अगत्याचे आहे.

या वसाहतींच्या स्मरणिकांतून इतिहासाचा प्रारंभ बहुधा १८७०च्या दशकापासून होतो. घनदाट अरण्य, निर्मळ पाणी आणि तंबू ठोकणारे श्रद्धाळू गृहस्थ असे ते चित्र असते. वस्तुतः ही भूमी निर्जन नव्हती. ओडावा लोकांचा हा मुलूख. ते त्याला वागनाकिसिंग, म्हणजे वाकड्या झाडाची जागा, असे म्हणत. मका पिकवणारी, मासेमारी करणारी, मेपलच्या रसाची साखर करणारी त्यांची गावे या किनाऱ्याने पसरलेली होती. १८३६ साली वॉशिंग्टन येथे झालेल्या कराराने ओडावा व ओजिब्वे या जमातींकडून सुमारे १ कोटी ३८ लाख एकर जमीन संघ सरकारने घेतली. बदल्यात काही राखीव प्रदेश कायमचे त्यांच्याकडे राहतील असे ठरले होते; सिनेटने करार मंजूर करताना त्या ‘कायम’ची मुदत पाच वर्षांवर आणली. पुढे १८५५च्या डेट्रॉइट कराराने प्रत्येक कुटुंबप्रमुखाला ८० एकर आणि एकट्या प्रौढाला ४० एकर जमीन देऊ करण्यात आली. कागदावर ही तरतूद उदार दिसते. परंतु मालकीचे दाखले हाती पडण्यास वर्षानुवर्षे लागली, याद्यांत नावांचे घोळ झाले, आणि १८७२च्या कायद्याने उरलेली जमीन बाहेरच्या वसाहतकारांना खुली झाली. ज्यांना दाखले मिळाले त्यांच्यावर कर आला. रोख पैशाची सवय नसलेल्या, इंग्रजी कागद न वाचता येणाऱ्या शेतकऱ्याची जमीन करथकबाकीपोटी किंवा दुकानदाराच्या उधारीपोटी कशी जाते, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्याकडे १८७५ साली पुणे-नगरच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, तोच हा काळ.

सामुदायिक जमिनीचे तुकडे करून ती व्यक्तीच्या नावावर चढवायची, म्हणजे ती विक्रीयोग्य होते. विक्रीयोग्य झाली की दुबळ्याच्या हातून निसटून सबळाच्या हाती जाते. येथे तर या सूत्राला एक विलक्षण पुरवणी जोडली गेली. त्याकडे वळण्यापूर्वी आगगाडीचा उल्लेख करणे प्राप्त आहे.

१८७३ साली ग्रँड रॅपिड्स अँड इंडियाना रेल्वे पेटॉस्कीला पोहोचली. दक्षिणेकडील लाकूड संपत आले होते आणि उत्तरेकडील देवदाराचे वृक्ष अद्याप उभे होते, म्हणून रेल्वे आली. १८७८ साली पेटॉस्कीच्या परिसरात पॅसेंजर पिजन या रानकबुतरांचा प्रचंड थवा घरट्यांना बसला. त्या जातीच्या शेवटच्या मोठ्या वसतिस्थानांपैकी ते एक. शिकाऱ्यांनी जाळी, बंदुका व काठ्या घेऊन पक्षी मारले, पिंपांत भरले आणि रेल्वेने शहरांच्या बाजारात धाडले. १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात त्या जातीचा अखेरचा पक्षी मेला. जी गाडी पिंपे घेऊन दक्षिणेकडे जात होती तिला उत्तरेकडे येताना प्रवासी हवे होते. उन्हाळी हवेचा प्रचार रेल्वे कंपन्यांनी केला तो या हिशेबाने. परागकणांनी हैराण होणाऱ्या शहरी रुग्णांना सरोवराच्या वाऱ्याने उतार पडतो, ही त्यांची लाडकी जाहिरात होती. मॅकिनॅक बेटावरचे प्रसिद्ध ग्रँड हॉटेल १८८७ साली उभे राहिले, तेही रेल्वे आणि आगबोट कंपन्यांच्याच भांडवलावर.

याच वर्षांत धर्मसंस्था पुढे आल्या. पेटॉस्कीला लागून १८७५ साली मिशिगनच्या मेथडिस्टांनी बे व्ह्यू ही वसाहत स्थापली. रेल्वेने आणि गावकऱ्यांनी जमीन मिळवून देण्यास साहाय्य केले. १८७८ साली प्रेस्बिटेरियनांनी हार्बर स्प्रिंग्जजवळ वेक्वेटॉन्सिंग उभारले. नाव मात्र ओडावांच्या भाषेतले ठेवले. जमीन घेतल्यावर नाव ठेवून घेणे स्वस्त पडते. त्याच साली शेजारच्या अरुंद भूशिरावर हार्बर पॉइंट आणि शार्लव्हॉयला कॅलामाझूच्या बॅप्टिस्टांची वसाहत निघाली. तीच आजचा बेल्व्हेडिअर क्लब. १८८१ साली तिच्यासमोर शिकागोच्या काँग्रेगेशनल पंथीयांनी आपली वसाहत मांडली. जवळच्या वालून सरोवरावर एका शिकागोकर डॉक्टराने बांधलेल्या घरात त्याच्या मुलाचे उन्हाळे गेले; त्या मुलाचे नाव अर्नेस्ट हेमिंग्वे.

या वसाहतींची अंतर्गत रचना अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला विचारात पाडणारी आहे. बे व्ह्यूमध्ये जमीन कोणा एकाच्या मालकीची नाही. ती संस्थेची आहे. सभासद संस्थेकडून भूखंड भाडेपट्ट्याने घेतो आणि त्यावर घर बांधतो. किनारा, जंगल, सभागृह, वाचनालय हे सारे सामाईक. घर कसे असावे, केव्हा उघडावे, कोणाला विकावे याचे नियम संस्था करते. संगीत, व्याख्याने, अध्ययनवर्ग यांची रेलचेल असे, बुकर टी. वॉशिंग्टन व हेलन केलर यांच्यासारखे वक्ते तेथे बोलून गेले. चारशेहून अधिक जुनी लाकडी घरे अजून उभी आहेत आणि १९८७ पासून या वसाहतीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा आहे. हार्बर पॉइंटवर तर मोटारींना बंदी आहे. तेथे लोक घोडागाडीतून आणि सायकलीवरून फिरतात.

म्हणजे जमिनीची सट्टेबाजी नको, किनारा सर्वांचा असावा, व्यक्तीच्या लोभाला समूहाचा लगाम असावा, सार्वजनिक जीवन समृद्ध असावे, हे सारे या उद्योगपतींना, वकिलांना आणि धर्मोपदेशकांना मान्य होते. समाजवाद्यांनी जगाला जे पटवून देण्यात आयुष्ये घालवली ते यांनी सुट्टीच्या तीन महिन्यांपुरते अमलात आणले होते. हिवाळ्यात शिकागोच्या कचेरीत बसून हीच मंडळी जमिनीच्या मुक्त बाजाराचे गोडवे गात असतील, तर ते त्यांना विसंगत वाटले नसावे. ओडावांची सामुदायिक जमीन प्रगतीला मारक ठरवून मोडण्यात आली, आणि त्याच भूमीवर नवी सामुदायिक मालकी उभी राहिली. फरक इतकाच की हिला फाटक होते.

राज्याने या फाटकाला कायद्याचे बळ दिले. मिशिगनच्या विधिमंडळाने १८८९ साली उन्हाळी वसाहत-संस्थांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि १९२९ साली आणखी एक. बे व्ह्यू त्यांतील पहिल्या कायद्याखाली चालते. या कायद्यांनी वसाहतींना आपल्या हद्दीत उपनियम करण्याचे, शुल्क बसवण्याचे आणि सुव्यवस्थेसाठी स्वतःचा अधिकारी नेमण्याचे अधिकार बहाल केले. नगरपालिकेची ही कामे एका खाजगी मंडळाकडे गेली. मात्र नगरपालिकेत राहणाऱ्या प्रत्येकाला मत असते, येथे मत फक्त सभासदाला. त्याच्या घरी धुणी धुणाऱ्या बाईला, बागेत राबणाऱ्या गड्याला आणि बोट हाकणाऱ्या ओडावा तरुणाला त्या कारभारात स्थान नव्हते.

सभासद कोण, हा प्रश्न साहजिकच कळीचा ठरला. आरंभी पंथ पुरेसा होता. विसाव्या शतकात वर्णाची भिंत उघडपणे घातली गेली. बे व्ह्यूच्या नियमांत १९४०च्या दशकात गोऱ्या वर्णाची आणि ख्रिस्ती धर्माची अट लिहिलेली होती. ती केवळ त्या एका वसाहतीची विकृती नव्हे. देशभर मालमत्तेच्या दस्तऐवजांत अशी कलमे घालण्याची रीतच होती. १९४८ साली शेली विरुद्ध क्रेमर या निकालाने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी वर्णभेदी कलमे न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असे ठरवले. त्या निकालात डेट्रॉइटच्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाचा दावाही अंतर्भूत होता. १९६८च्या गृहनिवास कायद्याने भेदभावाला मनाईच केली. बे व्ह्यूतील वर्णाची अट गेली, धर्माची राहिली. घर घेऊ इच्छिणाऱ्याने आपण ख्रिस्ती असल्याबद्दल धर्मगुरूचे पत्र आणावे, हा नियम एकविसाव्या शतकातही चालू होता. तो मोडण्यासाठी तेथल्याच काही घरमालकांनी २०१७ साली संघ न्यायालयात दावा लावला. आपली यहुदी पत्नी किंवा धर्म न मानणारी मुले वारशाने घर घेऊ शकणार नाहीत, हे त्यांना सहन होईना. २०१९ साली तडजोड होऊन ती अट संपली. बाहेरच्यांसाठी जी भिंत वर्षानुवर्षे कोणाला खुपली नव्हती ती आपल्या सुनाजावयांना आडवी येताच खुपू लागली, असे म्हणणे थोडे कठोर होईल. दावा लावणाऱ्यांत तत्त्वासाठी झगडणारी माणसेही होती. पण भिंती बहुधा अशाच पडतात.

फाटकाबाहेर राहिलेल्यांनी काय केले? याच राज्यात दक्षिणेकडे लेक परगण्यात १९१२ साली आयडलवाइल्ड ही कृष्णवर्णीयांची उन्हाळी वसाहत निघाली. जमीन विकणारे दलाल गोरे होते आणि ३५ डॉलरचा भूखंड हप्त्यांनी मिळत असे. प्रख्यात शल्यविशारद डॅनिएल हेल विल्यम्स तेथे स्थायिक झाले, डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी जागा घेतली आणि आपल्या ‘क्रायसिस’ मासिकातून तिची वाखाणणी केली. शिक्षक, टपाल कर्मचारी, मोटार कारखान्यांतले कामगार तेथे आपल्या मुलाबाळांसह निर्भयपणे पोहू शकत. १९६४च्या नागरी हक्क कायद्याने इतर हॉटेले खुली झाली तशी आयडलवाइल्डची रया गेली. ती वसाहत वगळले गेल्यामुळे जन्मली होती. वगळणे थांबले तशी तिची गरज ओसरली. गोऱ्या वसाहतींची गरज मात्र ओसरली नाही.

आणि ओडावांच्या शेजाऱ्यांचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. पेटॉस्कीहून पर्यटकांना छोट्या आगबोटींतून आतल्या सरोवरांची सफर घडवण्यात येई. त्या जलमार्गावर बर्ट सरोवराच्या एका भूशिरावर चेबॉयगन जमातीचे गाव होते. करारातली आश्वासने अनुभवून शहाण्या झालेल्या या लोकांनी स्वतःचे पैसे घालून जमीन विकत घेतली आणि ती राज्याच्या गव्हर्नरच्या नावे विश्वस्त म्हणून ठेवली. यापेक्षा अधिक सुरक्षित मार्ग कोणता असू शकत होता? तरीही परगण्याने तिच्यावर कर आकारला, थकबाकी दाखवली आणि ती विकली. १५ ऑक्टोबर १९०० रोजी, पुरुष मजुरीला बाहेर गेलेले असताना, खरेदीदार व शेरीफ तेथे आले. त्यांनी बायकामुलांना व म्हाताऱ्यांना घराबाहेर काढले, घरांवर रॉकेल ओतले आणि गाव जाळले. पुढे संघ सरकारने त्यांच्या वतीने दावा केला, तो हरला. २००६ साली जमात म्हणून मान्यतेचा त्यांचा अर्ज संघ सरकारने फेटाळला. त्या भूशिरावरच्या जुन्या ओक वृक्षांचे जंगल १९८०च्या दशकात निसर्गप्रेमींनी वर्गणी जमवून वाचवले. काम स्तुत्यच, झाडांना ते संरक्षण लाभले.

लिटल ट्रॅव्हर्सच्या ओडावांना १९९४ साली संघ सरकारची मान्यता पुन्हा मिळाली. त्यांनी १८५५च्या कराराने आपला राखीव प्रदेश निर्माण झाला होता, असा दावा मांडला. राज्य सरकारबरोबर उन्हाळी घरमालकांच्या संघटनाही त्यांच्या विरोधात उभ्या राहिल्या. २०२१ साली अपील न्यायालयाने त्या कराराने राखीव प्रदेश निर्माण झाला नाही असा निर्णय दिला आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्याचे नाकारले.

उन्हाळी वसाहतींच्या बाजूनेही एक युक्तिवाद केला जातो आणि तो तपासून पाहिला पाहिजे. हे लोक कर भरतात, मुले मात्र गावच्या शाळेत पाठवत नाहीत; रुग्णालयांना आणि वाचनालयांना देणग्या देतात; तेव्हा गावाला यांचा लाभच आहे, असे म्हणतात. यात तथ्य आहे. मिशिगनमध्ये १९९४च्या करसुधारणेनंतर जे घर मालकाचे मुख्य निवासस्थान नाही त्यावर शाळांसाठी करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरांमागे १८ डॉलर जादा कर पडतो. स्थानिकाला तो माफ असतो. परंतु त्याच सुधारणेने करपात्र मूल्यातली वार्षिक वाढ महागाईचा दर किंवा पाच टक्के, यांतील जे कमी असेल त्यावर रोखली. घर विकले गेले की मूल्य पुन्हा बाजारभावाला येते. सरोवरकाठी जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले, तेव्हा जुन्या मालकाला या मर्यादेचा सर्वांत मोठा लाभ झाला. पुढे २०१२ व २०१४च्या दुरुस्त्यांनी मुलानातवंडांकडे वारशाने जाणाऱ्या घरालाही ही सवलत लागू झाली. शेजारी नव्याने घर घेणाऱ्या शिक्षकाने आजच्या भावावर कर भरावा आणि पणजोबांच्या बंगल्यातल्या वारसाने जुन्या, दबलेल्या मूल्यावर, असा हा न्याय आहे. हेन्री जॉर्ज यांचे ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ १८७९ साली, म्हणजे या वसाहती उभ्या राहत होत्या त्याच सुमारास निघाले. जमिनीचे वाढते मूल्य मालकाच्या कष्टाने नव्हे, समाजाच्या अस्तित्वाने निर्माण होते, हे त्यांचे प्रतिपादन. शार्लव्हॉयचा जलमार्ग खोल करण्यास संघ सरकारचा पैसा लागला, रस्ते जनतेच्या पैशाने झाले. त्या सर्वांची किंमत किनाऱ्याच्या भूखंडात जमा झाली. ती वारशाने जाते. त्या गावांत काम करणारी परिचारिका किंवा सुतार मात्र घर परवडत नाही म्हणून दूर आत राहून रोज मोटारीने येतो, आणि आठ महिने रिकाम्या असणाऱ्या घरांवरून त्याचा रस्ता जातो.

किनाऱ्याबाबत मात्र कायद्याची एक वेगळी परंपरा त्याच सरोवराकाठी वाढली, आणि तिचा भारताशी थेट संबंध आहे. १८९२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिकागोलगतचा सरोवराचा तळ इलिनॉय सेंट्रल रेल्वेला देऊन टाकण्याचा राज्याचा व्यवहार अवैध ठरवला. असे पाणी राज्याकडे जनतेचा विश्वस्त म्हणून असते, ते विकण्याची वस्तू नव्हे, हे तत्त्व त्यातून रूढ झाले. १९७० साली मिशिगन विद्यापीठातले प्राध्यापक जोसेफ सॅक्स यांनी या तत्त्वाची नव्याने मांडणी केली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६च्या डिसेंबरात एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात नेमका याच निकालाचा व सॅक्स यांच्या लेखनाचा आधार घेऊन सार्वजनिक विश्वस्ततेचा सिद्धान्त आपल्या कायद्याचा भाग असल्याचे जाहीर केले. तो खटलाही एका विश्रामस्थळाचाच होता: कुलू-मनालीच्या खोऱ्यात बियास नदीकाठची वनजमीन एका मोटेलला मिळाली होती आणि त्या मोटेलने नदीचा प्रवाहच वळवला होता. न्यायालयाने तो पट्टा रद्द केला.

महाराष्ट्रात वरसगाव धरणाच्या काठी लवासा उभारताना २००८ साली विशेष नियोजन प्राधिकरणाचा अधिकार कंपनीच्या पदरात टाकण्यात आला, तेव्हा या सिद्धान्ताची आठवण सत्ताधाऱ्यांना झाली नाही. मिशिगनने १८८९ साली निदान सभासदांच्या संस्थेला सत्ता दिली होती. येथे ती भागधारकांच्या कंपनीला दिली गेली. २०१० साली केंद्राच्या पर्यावरण खात्याने काम थांबवले, २०१७ साली राज्याने तो अधिकार काढून घेण्याचे ठरवले, २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. घरांसाठी पैसे भरलेले मध्यमवर्गीय धनकोंच्या रांगेत उभे राहिले. मोसे खोऱ्यातल्या ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना त्या रांगेतही जागा नव्हती.

मिशिगनमध्ये २००५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की पंचमहासरोवरांच्या काठाने, पाण्याच्या नेहमीच्या उच्च खुणेपर्यंतच्या पट्ट्यात, कोणाही नागरिकास चालत जाण्याचा हक्क आहे. मागचा बंगला कोणाचाही असो. बसण्याचा, तंबू ठोकण्याचा नव्हे, चालत जाण्याचा. २०२० साली मिशिगन सरोवराची पातळी विक्रमी चढली. बंगले वाचवण्यासाठी मालकांनी परवाने काढून काठावर दगडांचे बांध घातले, आणि पुष्कळ ठिकाणी तो चालण्याचा पट्टा बांध व पाणी यांच्यामध्ये दिसेनासा झाला.